एकतीस गुण

साठीशांतीचा मुहूर्त दहा चाळीसचा होता आणि सव्वादहाला उत्सवमूर्ती पैठणी नेसून केलरमध्ये जाऊन बसली.

केलर, म्हणजे जर्मनीतल्या गेर्लिंगेनच्या त्या घराचं तळघर, ही काही रुसून बसायची जागा नव्हे. तिथे वॉशिंग मशीन होतं, बटाट्यांची खोकी होती आणि उल्हासच्या तीन नादुरुस्त सायकली होत्या. शिवाय मोनिका रुसणाऱ्यांतली नव्हतीच. तेहतीस वर्षांच्या संसारात सुनेनं एकदाही आदळआपट केली नाही, ही सुलेखाबाईंची जुनी तक्रार होती. भांडायला कुणी नसलं की सासूची जीभ गंजते. त्यामुळे हातात पिवळं पाकीट घेऊन ती जिना उतरताना दिसली तेव्हा त्यांना वाटलं, मीठ आणायला चालली असेल.

वर दिवाणखान्यात यशोधन स्टुलावर चढून धुराच्या अलार्मला अंघोळीच्या वेळी घालायची प्लॅस्टिकची टोपी चढवत होता. हा मुलगा आठवडाभर स्टुटगार्टला ज्वलनशास्त्रात पीएच.डी. करायचा आणि शनिवार-रविवारी भिक्षुकी. ज्वाळेचं तापमान दशांशापर्यंत सांगणारा यशोधन होमाला बसला की मात्र 'अंदाजे एक पळीभर' म्हणून तूप सोडायचा.

"राउखमेल्डर झाकला, आजी," तो खाली उतरत म्हणाला. "मागच्या महिन्यात ब्योब्लिंगेनला सत्यनारायणाला फायर ब्रिगेड आली. प्रसाद पुरला नाही."

एवढ्यात उल्हास जिन्यातून वर आला. त्रेसष्ट वर्षांचा, सोवळं नेसलेला आणि त्यावर जर्मन थंडीला भिऊन स्वेटर घातलेला. "ती येत नाही म्हणतेय," तो म्हणाला.

"कोण? केकवाली?" सरितानं विचारलं.

"मोनिका."

सरिता, म्हणजे सुलेखाबाईंची लेक, फुलांची परडी खाली ठेवून कंबरेवर हात देऊन उभी राहिली. "येत नाही म्हणजे? दादा, मी ड्युसेलडॉर्फहून आलेय! गाडी एक तास चाळीस मिनिटं लेट. मानहाइमला उतरवलं आम्हाला, उतरवलं अक्षरशः..."

ही गाडी कालपासून सहाव्यांदा मानहाइमला थांबत होती. उल्हासनं सगळ्यांना स्वयंपाकघरात नेलं आणि दार लावून घेतलं. यशोधन बाहेर समिधा मोजत राहिला.

ओवी फ्रिजला टेकून उभी होती. सव्वीस वर्षांच्या नातीचे डोळे लाल झाले होते.

"माझी चूक, आजी," ती म्हणाली. "मीच दिलं तिला. गेशेंक म्हणून."

गेशेंक म्हणजे भेट. तीन वर्षांपूर्वी ओवीनं आईच्या सहीनं कोरियाला, तिच्या जन्मदेशाला, अर्ज केला होता आणि मग दोघीही तो विसरून गेल्या होत्या. गुरुवारी आईच्या दत्तकाची मूळ फाइल आली. ओवीनं ओळखीच्या मुलीकडून तिचं जर्मन भाषांतर करून घेतलं, पण आईनंच ते आधी वाचायला हवं म्हणून स्वतः वाचलं नाही. पाकिटाला लाल रिबीन बांधली आणि आज सकाळी साठाव्या वाढदिवसाची भेट म्हणून ते आईच्या हातात ठेवलं. तिकडे कोरियातही साठी थाटात करतात, हे शोधून काढणारी आणि या सगळ्या घाटाची सुरुवात करणारीही तीच होती.

"काय आहे त्यात?" सुलेखाबाईंनी विचारलं.

"तिचा वाढदिवस," ओवी म्हणाली. "तो तिचा नाहीये."

मोनिकाचं लहानपण घरात सगळ्यांना पाठ होतं. तिकडचं युद्ध ती जन्मायच्या बारा वर्षं आधीच संपलं होतं. पण त्या युद्धातल्या अनाथ मुलांना परदेशी घरं शोधून द्यायची जी वाट पडली, ती युद्ध संपल्यावरही चालूच राहिली, आणि आईबाप असलेली मुलंसुद्धा कागदावर अनाथ होऊन त्या वाटेनं निघाली. चार वर्षांची मोनिका अशीच गळ्यात नंबराची पाटी घालून विमानातून उतरली आणि इथल्याच श्वाबियातल्या एका बेकरीवाल्याची मुलगी झाली. तिच्या कागदावर लिहिलं होतं: बेवारस, आईवडील अज्ञात, जन्म चौदा मार्च.

"ती तारीख अनाथाश्रमातल्या कारकुनानं लिहिली," उल्हास म्हणाला. "मनानंच."

मग सरिताच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजळत गेलं.

"म्हणजे वहिनीची पत्रिका..." ती म्हणाली. "आई, तुझे एकतीस गुण!"

हे एकतीस गुण म्हणजे सुलेखाबाईंच्या मुकुटातला हिरा. उल्हासनं जर्मनीतून 'कोरियन मुलीशी लग्न करतोय' असं कळवलं तेव्हा साताऱ्यात चूल पेटली नव्हती. सुलेखाबाईंनी एकच अट घातली, पत्रिका जुळली पाहिजे. आणि स्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे जन्म-मृत्यू-विवाह लिहिणाऱ्या सरकारी कचेरीत, नुकत्याच लागलेल्या मोनिकानं जन्मदाखल्याची सही-शिक्क्याची प्रत उलट टपाली धाडली. वेळ ठाऊक नव्हती म्हणून जोश्यांनी सूर्योदय धरला. छत्तीसपैकी एकतीस गुण आले. सुलेखाबाई विरघळल्या, आणि तेव्हापासून ते एकतीस गुण त्यांनी हळदीकुंकवाला, बारशाला, इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत, जिथे जागा मिळेल तिथे सांगितले. सरिताचे आणि तिच्या नवऱ्याचे एकोणीसच जुळले होते, आणि तेही ओढूनताणून.

"गेले की गं बाराच्या भावात," सरिता म्हणाली. आवाजात दुःख आणायचा तिनं प्रयत्न केला, पण ते काही जमलं नाही.

"सरिता, आत्ता नको," उल्हास म्हणाला.

"मी कुठे काय म्हणाले? मी एवढंच म्हणते, पत्रिकेपायी या घरात काय काय झालं ते ज्याचं त्याला ठाऊक. पाटणकरांच्या मुलाचं मी नाव तरी काढलं का?"

तिनं नाव काढलं होतं, आणि छत्तीस वर्षांनी काढलं होतं. सुलेखाबाई ओट्यावरच्या पंचामृताकडे बघत राहिल्या. त्या खोलीत दुसऱ्या कुणालाही माहीत नसलेली एक गोष्ट त्यांना माहीत होती. त्यांची स्वतःची पत्रिकाही खोटी होती, पहिल्या घरापासून बाराव्यापर्यंत. चौतीस गुण जुळले म्हणून त्यांचे यजमान नानासाहेब जन्मभर मिशीला पीळ भरत राहिले आणि तशाच समाधानात गेले. ही गोष्ट खाली जाऊन सांगितली तर सून जिना चढेल, याबद्दल सुलेखाबाईंना शंका नव्हती. पण मग लेक जिना उतरेल, आणि ती काय विचारेल हेही त्यांना नीट ठाऊक होतं.

"मी बघते," त्या म्हणाल्या आणि कठडा धरून खाली निघाल्या.

मोनिका उलट्या खोक्यावर बसली होती. पैठणीचा पदर कंबरेला खोचलेला होता. वॉशिंग मशीनवर तिनं फाइलचे कागद तारखेप्रमाणे लावून त्यांना क्लिपा मारल्या होत्या. आभाळ कोसळलं असतं तरी या बाईनं आधी त्याचे तुकडे अनुक्रमानं लावले असते.

"आई, कशाला उतरलात? तुमचा गुडघा."

"गुडघ्याला विचारून आलेय." सुलेखाबाई बटाट्यांच्या खोक्यावर टेकल्या. "वाच मला काय लिहिलंय ते."

मोनिकानं चष्मा लावला. "आल्झो, तर मग. हा त्यांच्याकडचा आतला कागद. 'आणल्याची तारीख चौदा मार्च. आणणारी: आजी. मुलीला पाठीवर बांधून आणले. आई हयात. वय दातांवरून अंदाजे दोन वर्षे.' आणि हा जर्मनीला पाठवलेला. 'बेवारस सापडली. आईवडील अज्ञात. जन्म चौदा मार्च.'" तिनं चष्मा काढला. "ज्या दिवशी मला सोडून गेले, तो माझा वाढदिवस झाला, आई. मी छप्पन वर्षं त्या दिवशी मेणबत्त्या विझवतेय. आज वर जाऊन मी परत केक कापू?"

सुलेखाबाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मी चौतीस वर्षं लोकांचे जन्म लिहिले. एकदा एका आईनं सात मिनिटांचा फरक सांगितला, तर मी अख्खं पान रद्द केलं होतं. आणि माझंच पान असं." तिनं कागद पुन्हा सरळ केले. ते सरळच होते. "आणि तुम्ही मला एकतीस गुणांवर घरात घेतलंत. ते पण गेले. म्हणजे मी दोन घरांत गेले, आणि दोन्ही घरांत खोट्या कागदावर. असं माणूस कुठलं असतं?"

गुणांचं काय घेऊन बसलीस, असं सुलेखाबाईंच्या अगदी ओठावर आलं होतं. पण तेहतीस वर्षं गावभर ते गुण वाटत फिरणाऱ्या बाईनं हे बोलणं म्हणजे ढोंगच झालं असतं, आणि मोनिकाला ढोंग लगेच कळायचं. तिचा धंदाच तो होता.

तेवढ्यात जिन्याच्या वरच्या पायरीवर कप किणकिणले. सरिता चहा घेऊन येत होती. समजूत घालायला नव्हे, ऐकायला. लहानपणापासून तिची तीच सवय होती. सुलेखाबाईंनी तिची पावलं ओळखली. अजून गप्प बसता येत होतं. त्या गप्प बसल्या नाहीत.

"माझ्या पासपोर्टावर जन्मतारीख काय आहे?"

"एक जून," मोनिका म्हणाली. "पण ती शाळेपुरती. खरी तुमच्या पत्रिकेत आहे. दत्तजयंतीचा दुसरा दिवस. आपण ओवाळतो तुम्हाला."

"ऐक तर मग. माणमधलं आमचं गाव. शाळेत घालायला आई घेऊन गेली. मास्तर म्हणाले, पोरी, उजवा हात डोक्यावरून ने आणि डावा कान धर. कान हाताला लागला की सहा वर्षं पूर्ण, नाही लागला तर पुढच्या साली ये. माझं बोट लागलं. मास्तरांनी लिहिलं, एक जून. माझ्या आधीच्या मुलीचं एक जून, मागच्या दोघींचंही एक जून. शाळा जूनमध्ये उघडायची ना, मास्तरांना सोपं पडायचं."

मोनिकाच्या डोळ्यांत एकदम कचेरीतली चमक आली. "तरीच! महाराष्ट्रातल्या लोकांच्या आईवडिलांचे पासपोर्ट आमच्याकडे यायचे, बघावं तर सगळे एक जून. मला वाटायचं, तिकडे सप्टेंबरमध्ये काहीतरी फार मोठा सण असणार. मी उल्हासला विचारलं होतं. तो म्हणाला, गणपती असतात."

सुलेखाबाईंना हसू आवरेना. पण अजून खरं बोलायचं राहिलंच होतं, आणि पावलं आता जिन्याच्या मध्यावर थांबली होती.

"आणि पत्रिका म्हणशील तर ती जोश्यांनी केली. यांची पत्रिका समोर ठेवून तिच्या मापानं बेतली. चौतीस गुण. जोशी बाबांना म्हणाले, छत्तीस बसवू का? बाबा म्हणाले, नको, संशय येईल."

कप खणखणले. सरिता खाली आली.

"आई," ती म्हणाली. "अकरा गुण म्हणून तू पाटणकरांना नाही कळवलंस. मी आठ दिवस जेवले नव्हते."

"चार," सुलेखाबाई सवयीनं म्हणाल्या. मग त्यांनी मान खाली घातली. "आठ. आठच दिवस होते ते. चुकलं माझं, सरू. माझी खोटी होती ना, म्हणून मला वाटायचं, बाकी सगळ्यांची खरीच असणार. निदान तुम्ही तरी खऱ्यावर चाला, म्हणून तुमच्या मागे लागले. भीतीपोटी लागले."

सरिता शेवटच्या पायरीवर बसली. दुसऱ्यांसाठी आणलेला चहा तिनं स्वतःच एका दमात पिऊन टाकला. "मी आज नागपूरला असते," ती म्हणाली.

"आणि जावईबापूंचं काय झालं असतं?"

"काही झालं नसतं त्यांचं. त्यांचं कशानंच काही होत नाही, तेच तर." तिनं दुसरा कप उचलला. "मी हे विसरणार नाही, आई."

"नको विसरूस. उद्या भांड माझ्याशी, मी बसते समोर. पण आजचा दिवस हिचा."

"कुठला हिचा? तो पण हिचा नाही म्हणतात," सरिता म्हणाली, आणि आपण काय बोललो ते कळून तिनं जीभ चावली. पण मोनिका तिच्याकडे बघून चक्क होकारार्थी मान डोलवत होती. या घरात पहिल्यांदाच कुणीतरी ही गोष्ट सरळ शब्दांत बोललं होतं.

सुलेखाबाईंनी वॉशिंग मशीनवरचा, फाइलमधला मोनिकाचा फोटो उचलला. कापलेले केस, गळ्यात पाटी, कॅमेऱ्याकडे रोखलेले डोळे. "तुझ्या आजीला तुझा दिवस ठाऊक होता," त्या म्हणाल्या. "पाठीवर बांधून आणणाऱ्या बाईला ठाऊक नसेल होय? तिच्यासमोर बसून त्यांनी दात मोजले, पण तिला विचारलं नाही. माझी आईसुद्धा शाळेच्या पायरीवर उभी होती. मास्तरांनी माझा कान बघितला, तिला नाही विचारलं. घरी आल्यावर ती म्हणाली, अगं, तू तर म्हैस विहिरीत पडली त्याच्या तिसऱ्या दिवशीची. आता म्हैस कधी पडली, ते कुणी लिहून ठेवलं होतं?"

मोनिका हसली. हसता हसता ती रडायला लागली. मोठ्यानं, तोंड न झाकता. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा सुनेचं रडणं सुलेखाबाईंच्या कानावर पडत होतं. त्यांना फार वाईट वाटलं आणि थोडं बरंही वाटलं. त्यांनी तिचं डोकं मांडीवर ओढून घेतलं. बटाट्याचं खोकं करकरलं.

"म्हणजे ती माझ्याकडे बघत होती," मोनिका पुटपुटली. "लिहीत होते तेव्हा ती तिथेच होती."

"तिथेच होती."

बऱ्याच वेळानं मोनिकानं पैठणीच्या पदरानं नाक पुसलं. सरितानं ते पाहिलं आणि महत्प्रयासानं गप्प राहिली.

"दाखवा," मोनिका म्हणाली. "कान कसा धरायचा?"

"माझा खांदा आता वर जात नाही. तूच कर. उजवा हात, डोक्यावरून."

मोनिका उठून उभी राहिली. साठ की एकसष्ट की अठ्ठावन्न वर्षांच्या त्या बाईनं हिरव्या बांगड्यांचा हात डोक्यावरून नेला आणि डाव्या कानाची पाळी बोटांत पकडली.

"लागला," सुलेखाबाई मास्तरांच्या आवाजात म्हणाल्या. "घ्या दाखल करून."

"तारीख?" मोनिकानं विचारलं.

"तारीख मागाहून बघू. आधी आत ये."

तिघी वर आल्या तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. ओवीनं केकवरची तारीख चमच्यानं खरवडून काढली होती आणि पुरावा खाऊन टाकला होता. आईला पाहताच ती धावत आली. मोनिकानं तिला कुशीत घेतलं आणि जर्मनमध्ये हळूच सांगितलं की भेट चांगली होती, फक्त रिबीन नको होती.

"मुहूर्त टळला का रे?" उल्हासनं यशोधनला विचारलं.

"मध्यान्हीचा अभिजित आहे, काका. त्याला काहीच बघावं लागत नाही," यशोधन म्हणाला आणि त्यानं होम पेटवला. टोपी घातलेला अलार्म गप्प राहिला. सगळे मागे उभे होते. सरितानं कुणाचं लक्ष नाही असं बघून उजवा हात हळूच डोक्यावरून नेऊन पाहिला, पण ब्लाउज आड आला.

संकल्प सुरू झाला. यशोधननं मोनिकाच्या हातावर पाणी घातलं. "काकू, जन्मनक्षत्र सांगा."

उल्हासनं खाली बघितलं. ओवीनं आईचा पदर धरला.

"आईंचं जे आहे, तेच म्हणा," मोनिका म्हणाली.

"आईचं आर्द्रा!" उल्हास सुटकेनं बोलून गेला. या घरात त्याला सगळं नेहमी सगळ्यांच्या शेवटी कळायचं. "चौतीस गुण होते आईचे आणि नानांचे!"

यशोधन सुलेखाबाईंकडे वळला. "आजी, आर्द्राच ना?"

सुलेखाबाईंनी लेकीकडे पाहिलं. सरितानं नजर चुकवली नाही, आणि तोंडही उघडलं नाही. जिन्यात ऐकलेलं तिनं पहिल्यांदाच पोटात ठेवलं होतं. आता बोलायचं ते सुलेखाबाईंनाच.

"माझंही माहीत नाही," त्या म्हणाल्या.

"गेनाऊ, अगदी बरोबर," मोनिका म्हणाली.

यशोधननं एकदा या सासूकडे पाहिलं, एकदा त्या सुनेकडे पाहिलं, आणि अंदाजे एक पळीभर तूप अग्नीत सोडलं.